तीन वाजताचा खण

चादरींच्या खोलीचं दार कधीच नीट लागत नसे. आत दोघीजणी भांडत होत्या आणि बाहेर शामा धुतलेल्या चादरींचा गठ्ठा छातीशी धरून उभी होती. आत जावं तर पंचाईत, मागे फिरावं तर पाय निघेना.

"तीसच्या तीस दिवस खूण आहे, घीता! रोज दुपारी तीनला, तुझी खूण. मग म्हाताऱ्याच्या कमरेला मूठ जाईल एवढी जखम झाली कशी? कागदाने केली?" हा आवाज लल्ला नुझाचा, वॉर्डाच्या मुख्य सिस्टरचा. तिला सगळेच मानाने लल्ला म्हणत, आणि माघारी बरंच काही म्हणत.

"ती माझ्या हातची नाही."

"मग कुणाच्या हातची?"

आत एकदम शांतता. घीता म्हणजे संध्याकाळपाळीची नर्स, सव्वीस वर्षांची, तोंडाला तोंड देणारी. गप्प बसणाऱ्यातली नव्हे. ती गप्प बसली तशी शामाने गठ्ठा आणखी घट्ट धरला.

"सांग ना. जिभेला काय झालं?"

"नाही सांगायचं मला."

"मग तुझीच. वर लिहून पाठवते मी. डोंगरातल्या दवाखान्यात बर्फ मोजत बस."

"पाठवा," घीता म्हणाली. "बर्फ तरी खरं असतं. तुमच्या कागदापेक्षा."

शामाने गठ्ठ्यात तोंड खुपसलं. चादरींचा ब्लीचचा वास थेट डोक्यात गेला. खूण कुणाच्या हातची ते तिला पक्कं ठाऊक होतं. तो हात त्या गठ्ठ्याखालीच होता.

शामा तेव्हा अठ्ठेचाळीसची. नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली, घरी दोन मुली आणि अंथरुणाला टेकलेली सासू. वॉर्डात झाडणं-पुसणं, बेडपॅन, चादरी, चहा आणि टपाल एवढं तिचं काम. सगळे तिला मावशी म्हणत, डॉक्टरसुद्धा. शाळा तिने दोन हिवाळे पाहिलेली, तीही खिडकीजवळची जागा मिळाली म्हणून. आकडे वाचता यायचे, घड्याळ कळायचं, बाकी अक्षरांशी तिचं रस्त्यात भेटलेल्या शेजाऱ्यासारखं होतं. ओळख आहे, पण घरी जाणं-येणं नाही.

जे झालं ते रमजानात झालं. आमच्याकडे रमजान लागला की सरकार घड्याळ एक तास मागे घेतं आणि ईद झाली की पुन्हा पुढे ढकलतं. फोन आपोआप बदलतात. वॉर्डाच्या भिंतीवरचं घड्याळ मात्र छताला टेकलेलं. त्याला हात लावायचा तर शिडी आणायची, शिडी आणायची तर भांडारवाल्याची सही घ्यायची. एका महिन्यासाठी कोण करतंय? ईदनंतर ते आपोआपच बरोबर होणार होतं. तसंच राहू दिलं.

मग काय झालं, तर सकाळपाळीची माणसं भिंतीवर तीन वाजले की घरी निघत. संध्याकाळपाळीची माणसं फोनवर तीन वाजले की येत. मध्ये अख्खा एक तास असा, की वॉर्डात बारा खाटा, बारा रोगी, एक शामा, आणि ड्रेसिंगच्या खोलीत बाकावर झोपलेला वॉर्डबॉय बूश्ता. जाणारे म्हणायचे, तीनला वळवायचं काम पुढच्या पाळीचं. येणारे भिंतीकडे बघून म्हणायचे, चार वाजले की, तीनचं काम मागच्यांनी केलंच असेल. आणि केलंय असं कागद सांगतच होता.

सहा नंबरच्या खाटेवर सी अल्लाल होता. जेलाब्यांची, म्हणजे पायघोळ झग्यांची, रेशमी बटणं वळणारा कारागीर, सत्तरीचा, खुब्याचं हाड मोडलेलं, साखरेचा आजार आणि अंगावर मांस म्हणून नाही. अशा माणसाला दर दोन तासांनी कुशीवरून कुशीवर वळवायचं असतं, नाहीतर खालचं कातडं जातं. खाटेच्या पायथ्याशी एक तक्ता लटकवलेला: एकचा खण, तीनचा खण, पाचचा खण. वळवलं की नर्सने आपली खूण करायची.

लल्ला नुझाला रिकामा खण दिसला की तिचं डोकं फिरायचं. रोगी कसा आहे हे नंतर, आधी तक्ता. म्हणून घीताने एकदा गडबडीत शामाला आपली खूण शिकवली होती, अर्धा चंद्र आणि पोटात दोन ठिपके. "मावशी, मी लहान मुलांच्या वॉर्डात अडकले आणि एखादा खण राहिला, तर तेवढं करून टाक. नाहीतर ही बाई माझं डोकं खाईल." घीताला वाटलं, एखादा खण. शामालाही तसंच वाटलं होतं.

खरं सांगायचं तर शामाला तो मधला तास सोयीचा झाला होता. रमजानात दुपारी गल्लीच्या सामाईक भट्टीवर भाकऱ्या भाजून घ्यायची रांग मशिदीच्या कोपऱ्यापर्यंत जाते. वॉर्ड मोकळा झाला की शामा घरून आणलेली मळलेल्या पिठाची परात डोक्यावर घेऊन मागच्या फाटकातून सटकायची. जाता जाता तीनच्या खणात अर्धा चंद्र, दोन ठिपके. बूश्ताला उठवलं असतं तर दोघांनी मिळून म्हाताऱ्याला वळवायला किती वेळ लागला असता? एक चहा ओतायला लागतो तेवढा. पण बूश्ता रोज्याने चिडलेला असायचा, आणि रांग वाढत असायची.

दुसऱ्या आठवड्यात सी अल्लाल तिला म्हणाला होता, "शामा, भाकरी भाजायला चाललीस ना? येताना मलाही उलथ. एकाच बाजूने करपलो बघ."

ती खळखळून हसली होती. किती दिवसांनी वॉर्डात कुणी हसवलं होतं! हसत हसत ती गेली, आणि परत आली तेव्हा चहाची भांडी घासायची होती. म्हाताऱ्याने पुन्हा विचारलं नाही. हे पुन्हा न विचारणं तिच्या मनातून पुढे कधी गेलं नाही. भांडणाऱ्या माणसाला नाही म्हणता येतं. जो थट्टेत मागतो आणि मिळालं नाही तर गप्प राहतो, त्याचं काय करायचं?

ईदच्या दिवशी नवीन चादर घालताना जखम दिसली. त्याला फेस शहरातल्या मोठ्या रुग्णालयात नेलं. तिथून दोन महिन्यांनी घरी आणलं, आणि हिवाळा संपायच्या आत तो गेला. मौतीला शामा हरिरा सूपचं मोठं पातेलं घेऊन गेली. म्हाताऱ्याच्या बायकोने तिचे हात धरले. "तुम्ही फार केलंत त्याचं. तुमच्या थट्टा सांगायचा घरी." शामाला ते पातेलं कुठे ठेवावं तेच कळेना.

आणि घीता डोंगरात गेली.

त्याच वर्षी वरून हुकूम आला की रुग्णालयाची गुणवत्ता सुधारायची. राजधानीहून लोक आले. सभागृहात खुर्च्या, संत्र्याचा रस, बदामाची बिस्किटं. भिंतीवर रंगीत कागद लागले: हात धुवा, रोगी वळवा, खूण करा. महिन्याचा उत्तम वॉर्ड म्हणून एक चषक निघाला, तो तीन महिन्यांनी हरवला, मग शस्त्रक्रियेच्या खोलीत सापडला, त्यात चिमटे ठेवलेले. सगळ्यांनी सभेत माना डोलावल्या आणि वॉर्डात आल्यावर सकाळच्या न्याहारीसोबत दिवसभराच्या खुणा एकदम मारायला सुरुवात केली.

"खुणाच हव्यात ना त्यांना?" बूश्ता म्हणायचा. "घ्या म्हणावं. उद्याच्याही देतो."

शामा त्या कागदाकडे पाठ फिरवायची. तिला कागदाचं काही करता येत नव्हतं, आणि जे येत होतं ते ती करून बसली होती. पण एक दिवस तीन वाजता तिने बूश्ताला बाकावरून उठवलं.

"काय आग लागली का, मावशी?"

"लागली. चल, दाखवते."

चार नंबरला एक लकव्याची बाई होती. शामाने बूश्ताचा हात धरला आणि सरळ त्या बाईच्या कमरेखाली सरकवला. "काढू नकोस. दहा मोज."

बूश्ताने मोजले. सातपर्यंत आला आणि थांबला. "हे तर तव्यासारखं तापलंय."

"दोन तासांत एवढं. चार तासांत काय होत असेल?"

त्याने बाईला वळवलं, उशी पाठीशी लावली, आणि दुसऱ्या खाटेकडे न सांगता गेला. तिथेही आधी हात घालून पाहिला.

एवढंच काय ते शामाचं शास्त्र. नवीन नर्स आली की पहिल्या दिवशी तिचा हात कुणाच्या तरी कमरेखाली. शिकाऊ डॉक्टर आला की त्याचाही. "मावशी, हे आम्ही पुस्तकात वाचलंय," एकजण म्हणाला. "पुस्तक गरम होतं का रे, बाळा?" शामा म्हणाली, आणि वॉर्डभर हसू पसरलं. रोग्यांना भेटायला येणाऱ्या नातेवाइकांनाही तिने सोडलं नाही. बायकोचा हात घाल, मुलाचा हात घाल. मग तीन वाजले की नातेवाईकच ओरडायला लागले, "अहो, आमचं माणूस तापलं!"

चहाचंही तिने बदललं. पुदिन्याचा चहा एकला, तीनला आणि पाचला निघायचा, पण बाराव्या खाटेवरचा माणूस वळल्याशिवाय किटली तिच्या हातातून सुटत नसे. सर्जनसाहेब एकदा स्वतः ग्लास पुढे करून उभे राहिले. ती म्हणाली, "नऊ नंबर जड आहे, साहेब. एक बाजू धरता का?" साहेबांनी धरली. कमरेत चमक भरली म्हणून दोन दिवस कुरकुरले, पण ग्लास रिकामा राहिला नाही.

आणि दर रमजानाच्या आदल्या दिवशी, भांडारवाल्याची सही घेऊन, शामा स्वतः शिडीवर चढून ते घड्याळ मागे घ्यायची. खाली बूश्ता शिडी धरून, "मावशी, पडलीस तर तुला दर दोन तासांनी कोण वळवणार?"

"तू," ती वरून म्हणायची. हसायची नाही.

लोकांना वाटायचं, काय ही बाईची माया! तिला मात्र दर वेळी तेच दिसायचं, करपलेली एक बाजू. आणि तक्त्यातल्या कुठल्याही खणाला तिने त्यानंतर बोट लावलं नाही. कुणी म्हणालं, "मावशी, तेवढी खूण कर ना," तर ती अशी बघायची की तो माणूस पेन उचलून स्वतःच जायचा.

आठ वर्षं गेली. दोन मुली उजवल्या, सासू गेली. वॉर्डात सलग दोन वर्षं एकालाही बेडसोअर झाला नाही. राजधानीचे लोक पुन्हा आले, या वेळी रस-बिस्किटं न मागता. त्यांनी तक्ते तपासले, मग रोग्यांच्या पाठी तपासल्या, मग विचारलं, हे कुणी केलं? लल्ला नुझा खरं बोलणारी बाई. कडक असेल, पण दुसऱ्याचं आपल्या नावावर घेणारी नव्हे. तिने शामाकडे बोट दाखवलं.

बक्षीस ठरलं ते साधंसुधं नव्हतं. मक्केची उमरा यात्रा, जाणं-येणं-राहणं सगळं.

मुलींनी फोनवर आनंदाने किंकाळी फोडली. बूश्ता म्हणाला, "मावशी, तिथे माझ्यासाठी दुआ कर, माझ्या गाढव पोराला नोकरी लागू दे." शामाने आयुष्यभर जी एक गोष्ट मागितली होती ती दारात येऊन उभी राहिली, आणि तिला दार उघडता येईना.

कारण आपल्याकडे यात्रेला निघण्याआधी माणसाने ज्याचं-ज्याचं काही वाईट केलं असेल त्याच्या दारी जाऊन माफी मागायची असते. अल्लाचं देणं अल्ला बघून घेईल, पण माणसाचं देणं माणसानेच सोडायला हवं. शेजारणी यायला लागल्या. "शामा, माझ्याकडून काही चुकलं असेल तर..." "नाही गं." "तुझ्याकडून काही चुकलं असेल तर मी सोडलं हो!" प्रत्येकीने सोडलं. एकीच्या कोंबडीला दगड मारला होता तेही सुटलं. शामा सगळ्यांना चहा पाजत होती आणि मनात दोनच नावं मोजत होती. एक कबरस्तानात होतं. दुसरं डोंगरात.

गुरुवारी ती वाटून घेतलेल्या टॅक्सीत चार माणसांच्या मध्ये अवघडून बसली आणि वर गेली. रस्ता देवदारांमधून फिरत फिरत जातो, आणि शामाला प्रत्येक वळणावर उलटी यायची. तेवढी शिक्षा तिला योग्यच वाटली.

दवाखाना म्हणजे दोन खोल्या आणि एक चूल. घीता आता चौतिशीची, केसांत पांढरं, एका मेंढपाळाच्या पायाला पट्टी बांधत होती. तिने मान वर केली. "आलीस? फार वेळ लावलास, मावशी."

शामाच्या तोंडात तयार केलेली सगळी वाक्यं विरून गेली. "तुला ठाऊक होतं?"

"माझी खूण मीच तर शिकवली होती. दुसऱ्या कुणाला येत होती?" घीताने गाठ मारली आणि मेंढपाळाला बाहेर घालवलं. "त्या दिवशी दाराच्या फटीतून तुझे चपलांतले पाय दिसत होते. म्हटलं, आत्ता येईल आत. आत्ता बोलेल. मग म्हटलं, उद्या. मग बर्फ पडलं."

"मला दोन मुली होत्या," शामा म्हणाली. आणि हे बोलल्याबरोबर तिला स्वतःची इतकी लाज वाटली की तिने डोळे खाली घातले. "तुला मुली नव्हत्या म्हणून तुला डोंगर, हे काय कारण झालं? मला माफ कर, असं म्हणायला आले होते. ते उमरा... ते राहू दे. मला माफ कर."

घीता बराच वेळ हात धूत होती. "मी सोडलं तुला, मावशी. तीन वर्षांपूर्वीच सोडलं. इथे माणसं बरी आहेत, मी काही रडत बसलेली नाही. आणि दोष माझाही होता, खूण दुसऱ्याच्या हाती द्यायचीच कशाला? पण मी सोडून काय होतं? माझ्या फाइलीत तो कागद आहे. दोनदा बढती मागितली, दोनदा तोच कागद पुढे आला. 'निष्काळजीपणामुळे रोग्याला इजा.' आई खाली गावात एकटी आहे, मला खाली यायचंय. माफी माझ्या हातात आहे, ती घे. कागद माझ्या हातात नाही."

चुलीवरचा चहा उतू गेला. दोघींनी एकदमच हात पुढे केला, आणि दोघींनीही मागे घेतला. शेवटी घीतानेच फडक्याने उचलला.

खाली येताना शामाला उलटी आली नाही.

सोमवारी सकाळी ती लल्ला नुझाच्या खोलीत गेली आणि दार ओढून घेतलं. उभ्याउभ्याच सांगितलं, सुरुवातीपासून, भट्टीची रांग, अर्धा चंद्र, दोन ठिपके, सी अल्लालची थट्टासुद्धा. काहीही मऊ केलं नाही.

"लिहा," शामा म्हणाली. "तुमच्या अक्षरात लिहा, मी सही करते. माझं नाव येतं मला."

"तुला कळतंय का मी काय लिहिणार आहे? यात्रा जाईल. वर्षभर नोकरी उरलीय तुझी, तीही जाईल. निवृत्ती आधीच घ्यायला लावतील, आणि लोक काय म्हणतील ते वेगळंच."

"कळतंय."

"आणि लिहू नये असं मला वाटलं तर?" लल्ला नुझाचा आवाज उतरला. "आठ वर्षांत या वॉर्डात जे झालं ते तुझ्यामुळे झालं. हे कळल्यावर तुझं कोण ऐकणार?"

"माझं कुणी ऐकत नव्हतं कधी, लल्ला. त्यांचे हात गरम झाले म्हणून त्यांनी केलं. हात त्यांचेच आहेत, ते काही मी घेऊन जात नाही."

लल्ला नुझाने चष्मा काढला आणि रुमालाने नाही, चक्क कोटाच्या बाहीने पुसला. "त्या पोरीला मी विचारलं, 'कुणाच्या हातची?' त्याऐवजी विचारायला हवं होतं, 'तीन वाजता वॉर्डात कोण होतं?' मला खण दिसले, तास दिसला नाही. तेही लिहिते." आणि तिने लिहिलं. दोन पानं झाली. वाचून दाखवलं. एका ठिकाणी शामा म्हणाली, "रांगेचं लिहिलं नाहीत तुम्ही. कामाच्या गडबडीत म्हटलंय. गडबड नव्हती, भाकऱ्या होत्या." लल्ला नुझाने ते खोडून भाकऱ्या लिहिल्या. शामाने जीभ दातात धरून, एकेक अक्षर कोरत, आपलं नाव घातलं.

वॉर्डात बातमी जेवणाच्या आधी पोचली. कुणी समोर आलं नाही. एक नवी नर्स तिच्याकडे बघून दुसरीकडे वळली. बूश्ता ड्रेसिंगच्या खोलीत होता, तो बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. "मी तिथेच होतो," तो म्हणाला. "बाकावर. तू उठवायला हवं होतंस गं."

"उठवायला हवं होतं," शामा म्हणाली.

तीन वाजले. ती किटलीजवळ उभी होती, कुणी येईल की नाही याची खात्री नसलेली. बूश्ताने नऊ नंबरची एक बाजू धरली. दुसरी बाजू धरायला मघाची ती नवी नर्स आली, शामाकडे न बघता, आणि वळवण्याआधी तिने हात खाली घालून मोजले. तिचे ओठ हलताना शामाने पाहिले. दहापर्यंत.

चहा झाल्यावर शामाने वॉर्डाचं टपाल गोळा केलं, रोजच्यासारखं. औषधांची मागणी, दोन रजेचे अर्ज, प्रयोगशाळेचं बिल, आणि आरोग्य कचेरीच्या नावाचं एक जाड पाकीट. पोचवही काखेत मारली आणि बाजारातून, सावलीच्या बाजूने, कचेरीकडे निघाली.

कारकून पुढ्यात भाजलेले चणे घेऊन बसला होता. "ये, शामा! मक्केला जाण्याआधी आमचं टपाल तरी सोडशील की नाही?"

"तू चणे सोडशील तेव्हा. हात पूस आधी, मागच्या वेळी शिक्क्याला तेल लागलं होतं."

त्याने हात पँटला पुसले, पाकिटं एकेक करून वहीत चढवली आणि ठक ठक ठक ठक शिक्के मारले. जाड पाकिटाच्या नोंदीवरचा शिक्का जरा तिरका पडला. शामाने वही आपल्याकडे ओढली, प्रत्येक शिक्का बोटाखाली धरून पाहिला, तिरक्यापाशी थांबली.

"हा पुन्हा मार," ती म्हणाली. "तारीख दिसत नाही."

त्याने कपाळाला आठ्या घालून पुन्हा मारला. तिने फुंकर घालून शाई वाळवली, वही मिटली, आणि पाच वाजायच्या आत वॉर्डात पोचायला निघाली.